बर्राकने धरलेला डूख

उंट म्हणजे बावळट जनावर, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. बाबा रे, एक हिवाळा आमच्या कॅम्पात काढ आणि मग तोंड उघड. मी परकार. आखातातल्या बदायरच्या तांबड्या वाळूत पर्यटकांना संध्याकाळची सफारी घडवणारा आमचा कॅम्प आहे, तिथली भट्टी माझी. कोंबडी, कबाब, निखारे, धूर, सगळं माझ्या गळ्यात. गाड्यांतून वाळूच्या टेकड्यांवर आदळून-आपटून हिरवेपिवळे झालेले पाहुणे येतात, उंटावर बसतात, ससाण्याबरोबर फोटो काढतात, माझ्या हातचं खातात, नाच बघतात आणि हॉटेलवर जाऊन झोपतात. आपण वाळवंट पाहिलं असं त्यांना वाटतं. वाटू दे, माझं काय जातंय.

पण मला सांगायचंय ते ओहाजबद्दल, आणि त्याच्याबद्दल सांगायचं तर उंट आलाच. त्या माणसाला उंटाशिवाय मी कधी बघितलाच नाही.

ओहाज सुदानचा, पूर्वेकडच्या डोंगरातल्या बेजा लोकांपैकी. ताडासारखा उंच, अंगाने काटकुळा, डोक्यावर केसांचं रान आणि त्या रानात खोचलेला लाकडी कंगवा. बोलायला महाकंजूष. इकडे आला तो शर्यतीच्या उंटांकडे बघायला. तिथे पोरांची भरती झाली आणि याला वय झालं म्हणून काढला, तेव्हा आमच्याकडे आला. बायको पोर्ट सुदानला, दोन लेकी लग्न होऊन कुठल्या कुठे. दुपार कलली की पाहुणे यायच्या आधी तो माझ्या भट्टीच्या कडेला बसून आलं घातलेली काळी कॉफी उकळायचा आणि पहिला पेला मला द्यायचा.

"ही कॉफी आहे की काढा?" मी विचारायचो.

"तुझी कोंबडी पचवायला हाच लागतो," तो म्हणायचा. बस्स, दिवसभराचं त्याचं बोलणं तिथे संपायचं.

माणसांशी नाही बोलला तरी उंटांशी बोलायचा. आमच्याकडे पाच उंट. चार माद्या आणि एक नर, बर्राक. बर्राकची आई हमरस्त्यावर ट्रकखाली गेली तेव्हा हा एवढासा होता, धड पायावर उभा राहत नव्हता. ओहाजने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. पिल्लू असताना ते याच्या मागे मागे सगळीकडे जायचं. ओहाज संडासात गेला तर दाराबाहेर उभं राहून रडायचं. आम्ही पोट धरधरून हसायचो. "अरे, तुझा मुलगा हाका मारतोय, आटप लवकर," असं ओरडायचो. ओहाज आतून शिवी द्यायचा, ती आम्हाला. उंटाला त्याने कधी शिवी दिली नाही.

आता तोच बर्राक सगळ्यांत उंच, सगळ्यांत रुंद, मानेवर काळी आयाळ. फोटोसाठी पाहुण्यांना तोच हवा असतो. आणि इथेच घोडं पेंड खातं. थंडी पडली की नर उंट माजावर येतो. तोंडाला फेस, जिभेच्या बाजूने लाल फुगा बाहेर लोंबतो, घशात पाणी उकळल्यासारखा आवाज, रात्रंदिवस दातांवर दात. त्या दिवसांत तो सख्ख्या भावाला ओळखत नाही. आणि आमचे पाहुणे नेमके त्याच दिवसांत येतात, कारण उन्हाळ्यात इथे कोण मरायला येणार.

त्या वर्षी थंडी लागताच ओहाज आमच्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजर नाजी, जॉर्डनचा. माणूस वाईट नाही हो, पण फोटोच्या चौकटीबाहेरचं जग त्याला दिसत नाही.

"साहेब, वसंत येईपर्यंत बर्राकला रांगेतून काढा," ओहाज म्हणाला. "मागे वेगळा ठेवतो. नाहीतर निदान मुसकं तरी बांधू द्या."

"मुसकं?" नाजी म्हणाला. "तोंडाला जाळी बांधलेला उंट फोटोत कसा दिसेल? कैद्यासारखा. आणि तो रांगेत नसेल तर लोक माझा फोटो काढणार का?"

"तो माजावर आहे."

"मग तू कशासाठी आहेस? तुझाच लाडका ना तो? सांभाळ." मग जाता जाता मागे वळून म्हणाला, "त्या दिवशी त्याने ड्रायव्हरचा फेटा ओढून फाडला ते मी विसरलेलो नाही. आणखी एकदा कोणाच्या अंगावर गेला तर खाटकाची गाडी बोलावतो. मग रांगेचा प्रश्नच मिटला."

ओहाज परत येऊन माझ्याजवळ बसला. कॉफी केली नाही. आता सांगा, एका बाजूने म्हणायचं त्याला लोकांत उभा कर, दुसऱ्या बाजूने म्हणायचं तो उधळला तर कापू. माझा संताप झाला. मी नाजीला चार शब्द सुनवायला उठलोच होतो, ओहाजने माझं मनगट धरलं. "बस. बोलून उंटाचा माज उतरत नाही."

पुढे जे घडलं त्यात ओहाजची चूक होती, आणि ती त्याने शेवटपर्यंत नाकारली नाही.

एका संध्याकाळी बर्राकच्या पाठीवर एक लहान मुलगी बसवली होती, कुठल्याशा थंड देशातली, गोरीपान. ओहाज दावं धरून पुढे चालत होता. तेवढ्यात रांगेतल्या एका मादीने शेपटी हलवली असेल नसेल, बर्राक फिरला. दावं ओहाजच्या हातातून सुटलं. पाठीवर मुलगी, खोगिराचा दांडा धरून किंचाळतेय, बाप खाली धावतोय, आणि हा त्या मादीच्या मागे. बसायची खूण केली तरी बसेना. ओहाजने आडवं जाऊन हातातली काठी त्याच्या मानेवर घातली, एकदा, दोनदा, जीव खाऊन. बर्राक गुडघ्यावर आला. मुलीला उतरवलं, तिला ओरखडाही नव्हता. बापाने ओहाजचे हात धरून आभार मानले. नाजी सुदैवाने आत ऑफिसात होता.

सगळे सुटकेचा श्वास टाकत होते आणि ओहाजचा चेहरा मात्र राखेसारखा. तो बर्राककडे बघत होता. बर्राकच्या दातांचा आवाज थांबला होता. मान वळवून तो ओहाजकडे बघत होता, नुसता बघत होता.

"वाचलो रे," मी म्हटलं.

"मी त्याला माद्यांसमोर मारलं," ओहाज म्हणाला.

मला कळलं नाही यात एवढं काय. मग त्याने सांगितलं, आणि त्या दिवशी तो जेवढं बोलला तेवढं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. "आमच्याकडे पोराला दावं धरायला द्यायच्या आधी हेच शिकवतात. माजावरच्या नराला मादीसमोर हात लावायचा नाही. मार तो विसरेल, अपमान विसरत नाही. नाग डूख धरतो म्हणतात ना, उंट त्याच्यापेक्षा पक्का धरतो. माझ्या बापाच्या चुलत्याला त्याच्याच उंटाने पुढच्या हिवाळ्यात मारला. वाट बघून मारला. तोंडाने दंडाला धरून उचलला, खाली आपटला आणि वर छाती टेकवून बसला. मला माहीत होतं, परकार. तरी मी हात उचलला."

"मुलगी पडली असती तर?"

"म्हणूनच उचलला. पण ते त्याला कोण समजावणार?"

त्या दिवसापासून ओहाजने बर्राकजवळ जाणं सोडलं. दाणापाणी आणि रांगेत नेणं दुसऱ्या उंटवाल्याने, रबनवाजने घेतलं. रबनवाज सरहद्दीपलीकडच्या चोलिस्तान वाळवंटातला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "काय ओहाज मियां, बापलेकाची कट्टी झाली का?" असं पहिल्या दिवशी म्हणाला. ओहाजने कारण सांगितल्यावर मात्र त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. उंटवालाच तो, त्याला वेगळं समजवावं लागलं नाही.

आणि बर्राक? तो शहाण्यासारखा वागायला लागला. फेस येई, फुगा येई, पण कोणाच्या अंगावर जाईना. रबनवाज सांगेल तसा बसे, उठे. नाजी खूश. "बघा, उगाच घाबरवत होतात," म्हणाला. फक्त ओहाज लांबून जरी गेला, पार शौचालयाच्या बाजूने गेला, तरी बर्राकची मान त्याच्याबरोबर फिरायची. कोंबडी उलटता उलटता मी ती मान बघायचो आणि हात भाजून घ्यायचो.

याला ओहाजच्या लोकांत एक उपाय आहे. ज्याच्यावर डूख आहे त्याचे कपडे उंटाला द्यायचे. माणूस झोपल्यासारखे भरून, रचून, उंटाच्या वाटेत ठेवायचे आणि त्याला मोकळं सोडायचं. तो येतो, वास घेतो, आणि मग त्या कपड्यांवर सगळं काढतो. फाडतो, तुडवतो, वर बसून चिरडतो. त्याच्या हिशेबी तो माणूस मेला. मग तुम्ही समोर गेलात तरी चालतं. मागचं सगळं फिटलं.

"मग दे की तुझा एखादा सदरा," मी म्हटलं.

"धुतलेला चालत नाही. उंट काय खुळा आहे? वास मुरावा लागतो, तुमच्या लोणच्यासारखा."

म्हणून ओहाजने आपला जुना हिरवा कोट काढला, जाडजूड, गुडघ्यापर्यंतचा. तो दिवसभर उन्हात घालून बसायचा, घामाने निथळायचा. रात्री तोच घालून झोपायचा. आंघोळ बंद. मी म्हटलं, "ओहाज, उंटाचं माहीत नाही, पण या वासाने आम्ही सगळे मरणार." तो हसला. त्या दिवसांतलं त्याचं ते एवढंच हसणं.

शेवटी एके दुपारी म्हणाला, "आज. पाहुणे गेले, दिवे विझले की सोडतो त्याला." आणि तो कोट काढून त्याने माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या खुंटीला अडकवला. अंगावर धुवून ठेवलेला पांढरा सदरा घातला, कारण पाहुण्यांमध्ये तो कोट घालून वावरायची सोय नव्हती, आणि बर्राकच्या नाकाजवळून तर नव्हतीच. माझं मन हलकं झालं. रात्रीपर्यंत निभावलं की सुटलो, असं वाटत होतं.

नेमका त्या संध्याकाळी वारा सुटला. इथली थंडी तुम्हाला माहीत नसेल, ऊन गेलं की वाळू घटकाभरात गार पडते आणि वारा असला तर हाडात शिरते. पाहुणे दुपारच्या उन्हात उघडे दंड घेऊन आलेले, आता कुडकुडत होते. त्यांच्यात पोलंडची एक म्हातारी बाई होती, दानुता नावाची. तिचा सत्तरावा वाढदिवस होता, लेक आणि जावई तिला घेऊन आले होते. बाई एकदम हौशी. आल्या आल्या मला विचारून गेली कबाब कधी होतील, रबनवाजच्या मिशा खऱ्या आहेत का बघून गेली. तिला सगळ्यांत मोठ्या उंटासमोर फोटो काढायचा होता, सूर्य बुडायच्या आत.

ती थंडीने कापतेय हे नाजीने बघितलं. आणि आता मी त्याला शिव्या देऊ की नको ते मलाच कळत नाही, कारण त्याने चांगल्या मनाने केलं. पाहुण्यांसाठीची कांबळी संपली होती. तो धावत मागे आला, खुंटीवरचा कोट काढला, बाईच्या खांद्यावर घातला आणि परत ऑफिसात निघून गेला. त्या वाऱ्यात कोटाचा वास दोघांनाही जाणवला नसावा. मी पुढे भट्टीवर होतो, पाठ तिकडे. मला चाहूलसुद्धा लागली नाही.

मी कबाबांचं ताट घेऊन मांडवाकडे निघालो तेव्हा नजर उंटांच्या रांगेकडे गेली. बर्राक उभा होता. त्याच्यापासून दोन हातांवर, त्याच्याकडे पाठ करून, ती म्हातारी उभी होती, हात फैलावून, तोंडभर हसत. समोर लेक मोबाईल धरून मागे मागे सरकत होती. आणि बाईच्या अंगात तो हिरवा कोट.

मला पहिल्यांदा कळलंच नाही आपण काय बघतोय. मग कळलं. रबनवाज दावं धरून उभा होता, तो मोबाईलकडे बघून मिशांना ताव देत होता. कोटाकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. बर्राकच्या तोंडातला फुगा आत गेला. घशातला आवाज बंद झाला. त्याने मान हळूहळू खाली आणली, बाईच्या डोक्यावरून, कोटाच्या कॉलरपर्यंत, आणि श्वास आत ओढला. बाईला वाटलं उंट लाड करतोय. ती मान मागे करून खुदकन हसली.

मी ओरडणार होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात माद्यांच्या बाजूने ओहाज येताना दिसला आणि त्याने मला हाताने दाबल्यासारखी खूण केली, गप्प. तो पळत नव्हता. पळाला असता किंवा मी ओरडलो असतो तर बाई जागीच थिजली असती, आणि उंटाने त्याच क्षणी झडप घातली असती. ओहाज चालत आला. खरं सांगतो, माणूस मरणाकडे एवढा सावकाश चालत जाताना मी दुसरा बघितला नाही. हॉटेलातला वेटर जसा बाईमाणसाचा कोट उतरवून घेतो तसा तो वाकून, हसून, "मॅडम, प्लीज," म्हणत तिच्या बाजूला आला, कोटाची कॉलर धरली, तिच्या खांद्यावरून कोट सरकवला आणि दुसऱ्या हाताने तिला लेकीच्या दिशेने हलकेच ढकललं. बाई दोन पावलं पुढे झाली. आणि तिच्या जागेवर ओहाज उभा राहिला, छातीशी कोट धरून.

बर्राकने त्याला बघितलं. आता वासही होता आणि माणूसही.

काय झालं ते एवढ्या झटक्यात झालं की मला तुकडेच आठवतात. त्याची मान चाबकासारखी आली. जबड्यात कोट आला आणि कोटाबरोबर ओहाजचा खांदा. ओहाजचे पाय जमिनीवरून उचलले गेले. मग तो खाली आपटला, धप्प असा आवाज झाला, आणि एवढा मोठा उंट त्याच्यावर गुडघे मोडायला लागला. रबनवाज दाव्याला लोंबकळत होता, पण एका माणसाने काय होणार. ओहाजने कोट सोडला आणि लोळला. एक गुडघा त्याच्या कुशीवर पडलाच. पण उंटाच्या छातीखालचा तो दगडासारखा कडक घट्टा, ज्याने माणसाचा भुगा होतो, तो पडला कोटावर.

आणि मग बर्राकने तो कोट मारला. दुसरा शब्द नाही. छातीने रगडला, बाजूला होऊन दातांनी फाडला, अस्तर उडवलं, पुन्हा बसला, पुन्हा रगडला. घशातून जो आवाज येत होता तो मी परत ऐकू इच्छित नाही. सगळे पाहुणे मोबाईल वर धरून उभे. रबनवाज पुढे झाला तर ओहाजने पडल्या पडल्या हात वर केला. थांब, पुरं करू दे त्याला.

माझ्या डोक्यात एकच आलं, संपलं. एवढ्या लोकांनी बघितलं. आता नाजी बाहेर येणार, उद्या खाटकाची गाडी येणार. माणूस वाचला तर उंट गेला.

ऑफिसचं दार उघडलंच. नाजी बाहेर आला, "काय चाललंय?" म्हणत. आणि त्याच क्षणी ओहाज उठला. कसा उठला त्याचं त्याला ठाऊक. सदरा फाटलेला, केसांत वाळू, एक हात शरीराला चिकटवलेला. तो पाहुण्यांकडे वळला, सगळे दात दाखवून हसला, उरलेला हात बाजूला फैलावला आणि कमरेतून वाकला, सर्कसवाला वाकतो तसा. वाकताना माझ्याकडे बघून दातांतल्या दातांत म्हणाला, "टाळ्या वाजव, परकार. वाजव."

मी कबाबांचं ताट वाळूत टाकलं आणि टाळ्या वाजवल्या. रबनवाजला उमजलं, त्यानेही दावं काखेत धरून वाजवल्या. मग ती दानुताबाई वाजवायला लागली, डोळ्यांत पाणी आणि तोंडाने "ब्राव्हो, ब्राव्हो". मग सगळेच. कोणी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं खेळ होता. बर्राक कोटावरून उठला, अंग झटकलं, पोटातून लांबलचक उसासा सोडला आणि आपला जाऊन रांगेत बसला.

ओहाज चालत स्वयंपाकघरापर्यंत आला. चालत, हसत, पाहुण्यांना हात करत. दार लोटलं आणि तो कांद्याच्या पोत्यांवर कोसळला. मी सदरा कापून काढला. खांद्यावर दातांच्या खुणा, काळ्यानिळ्या, आणि कुशीत हात लावला की तो श्वास ओढून धरायचा. बरगडी गेली होती, एक तरी नक्की. मी म्हटलं इस्पितळात चल. तो म्हणाला, "तिथे विचारतील कशाने झालं."

"मग सांगू पडलास म्हणून."

"दात पडण्याने उमटतात का?"

मांडवातला एक टेबलक्लॉथ फाडून त्याच्या छातीला आवळून बांधायला लागलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी त्याला म्हटलं, "मूर्ख आहेस. एका जनावरापायी."

बाहेर ढोलकी सुरू झाली होती, तेवढ्यात नाजी आत आला. चेहरा नुसता फुललेला. "ओहाज, मला आधी का नाही सांगितलंस? लोक वेडे झालेत. सगळ्यांनी व्हिडिओ काढलेत. हे आपण रोज करायचं. नाचाच्या आधी, रोज. लाईट लावतो, माईकवर सांगतो. कोट मी आणून देईन, जुने, पाहिजे तेवढे."

आमच्या दोघांची नजरानजर झाली. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि खरं सांगावं तर बर्राक कापला जाणार. हो म्हणावं तर रोज माद्यांसमोर त्याला मारायचं, रोज त्याचा नवा डूख अंगावर घ्यायचा. मी गाठ मारता मारता थांबलो.

ओहाज भिंतीला टेकून बसला. सावकाश म्हणाला, "करू साहेब. पण रोज एकाच माणसाचा कोट चालत नाही. उद्या तुमचा हा निळा कोट लागेल."

"माझा? घे की."

"नुसता कोट नाही. आधी तुम्ही त्याला काठीने मारायचं. माद्यांसमोर, मानेवर, चांगलं जोरात. मग हा कोट तीन-चार दिवस अंगातून काढायचा नाही. आणि तोपर्यंत त्याच्या समोरून जायचं नाही, कारण तो कोटाची वाट बघत बसत नाही. माणूस मिळाला तर त्याला माणूसच लागतो."

नाजी हसत होता. मग त्याचं लक्ष टेबलक्लॉथकडे गेलं. मग खांद्याकडे. मी मुद्दाम बाजूला झालो, बघू दे म्हटलं नीट. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"ती बाई," तो म्हणाला. "तो कोट मीच तिला..." तो माझ्या पिंपावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याला आई होती, तिचं वयही तेवढंच असावं, तो फोनवर तिच्याशी रोज भांडायचा.

मी म्हटलं, "साहेब, गाडी बोलावणार असाल तर आत्ताच सांगा. उगाच त्याला टांगणीला लावू नका."

नाजीने माझ्याकडे बघितलं नाही. ओहाजला म्हणाला, "वसंतापर्यंत तो रांगेत दिसायला नको. मुसकं बांध, मागे वेगळा ठेव. कोणी विचारलं तर आजारी आहे म्हणू." उठला, दारापर्यंत गेला. "आणि तू डॉक्टरकडे जा. मी नेतो. जिन्यावरून पडलास."

"आपल्याकडे जिना नाही, साहेब," मी म्हटलं.

"गप्प बस, परकार," तो म्हणाला, आणि कोटाची बटणं काढत काढत बाहेर गेला.

शेवटची गाडी गेल्यावर ओहाज उठायला लागला. मी नको म्हणत होतो, पण तो ऐकेल तर ना. मग मीच मुसकं आणि दिवा घेऊन बरोबर गेलो. खोटं कशाला बोलू, मी त्याच्या पाठीमागेच राहिलो. बर्राक बसला होता. ओहाज सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, कितीतरी दिवसांनी. बर्राक उठला, जवळ आला. त्याने ओहाजचा कान हुंगला, केस हुंगले, आणि मग ते एवढं मोठं थोराड डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं. नेमकं दुखऱ्या बाजूला. मी दिवा वर धरला तर ओहाजच्या कपाळावर घाम फुटला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"अरे, बाजूला कर ते डोकं," मी म्हटलं. "बरगडी मोडलीय तुझी."

"हळू बोल," तो म्हणाला. "त्याचं सगळं फिटलंय. मला लागलंय हे त्याला कळायला नको."

आणि तो तसाच उभा राहिला, दात आवळून, तोंडातून हूं की चूं न काढता, उंटाने आपण होऊन डोकं उचलेपर्यंत.